७२ चाचण्या आणि न मोजलेलं बीपी

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ, उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत दुकानावर मुनीम. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, पट्ट्या लिहायच्या, हमालीचा हिशोब करायचा, शेतकऱ्यांची उचल सांभाळायची. गळ्यात तुळशीची माळ, खिशात विडीचं बंडल आणि तंबाखूची पुडी. (माळ आणि विडी एकत्र कशी, हा प्रश्न आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही.) काय होतंय म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "तसं काय त्रास न्हाई साहेब, पोरानं लावून दिलं म्हणून आलो."

येण्याचं खरं कारण हातातली रंगीत फाईल होती. मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने मोबाईलवरून वडिलांसाठी ‘फुल बॉडी चेकअप’ नोंदवलं. ७२ चाचण्या, दोन-अडीच हजार रुपये, रक्त न्यायला माणूस दारात. दोन दिवसांनी फाईल मोबाईलवर आली. त्यात ११ आकडे लाल होते, आणि घरातल्यांची झोप उडाली.

सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती ती सीईए (रक्तातलं एक प्रथिन) या आकड्याची. मुलाने तो शोधून पाहिला तर समोर आतड्याचा कॅन्सर. मग कुणा नातेवाइकाने हैदराबादचं हॉस्पिटल सुचवलं आणि पेट स्कॅनची (कॅन्सर शोधायला काढतात त्या सर्वांगाच्या स्कॅनची) तारीखही घेऊन झाली. माझ्याकडे येणं हे वाटेवरचं काम होतं: हैदराबादला जायच्या आधी ‘आपल्या डॉक्टरची एक चिठ्ठी’. मुनीमजी (मोंढ्यात सगळे त्यांना हेच म्हणतात, इथेही तेच ठेवतो) खुर्चीत अवघडून बसले होते. बोलत होता मुलगाच.

या फाईलने मुनीमजींच्या तब्येतीबद्दल नेमकं किती सांगितलं, ते पुढे मांडतो.

७२ होतात कशा

पॅकेजमधल्या चाचण्यांचा आकडा फुगवायची एक सोपी रीत आहे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच तपासणी, एकाच नळीतून, एकाच मशीनवर होते. पण तिच्यातून निघणारं हिमोग्लोबिन, एमसीव्ही, एमसीएच, आरडीडब्ल्यू, पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांचे पुन्हा वेगळे ‘ॲब्सोल्यूट’ आकडे असं सगळं मोजलं की वीस-बावीस ‘चाचण्या’ तिथेच होतात. लिपिड प्रोफाईलचंही तसंच. व्हीएलडीएल बऱ्याच ठिकाणी मोजतच नाहीत, ट्रायग्लिसराइडला पाचने भागतात. त्यावर कोलेस्टेरॉलची दोन-तीन गुणोत्तरं. लिव्हरमध्ये अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं गुणोत्तर, किडनीत युरिया-क्रिएटिनिनचं. कॅल्क्युलेटरची ही कामंही चाचण्यांतच धरली जातात.

दुसरी गोष्ट लाल रंगाची. अहवालात शेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील. म्हणजे धडधाकट माणसांतही दर चाचणीला पाच टक्के बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. इतक्या चाचण्या करून एकही लाल न येणाऱ्या माणसाचंच मला नवल वाटेल.

मुनीमजींचे ११ लाल असे: व्हिटॅमिन डी १४, बी१२ १७८, टीएसएच (थायरॉईडची चाचणी) ५.८, ईएसआर ४२, ट्रायग्लिसराइड २१४, युरिक ॲसिड ७.३, पोटॅशियम ५.८, सीईए ४.६, एचबीए१सी ६.४, हिमोग्लोबिन ११.० आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) ७४.

यातल्या शेवटच्या दोनांकडे घरात कुणीच वळून पाहिलं नव्हतं. "रक्त जरा कमी आहे, बीट चालू केलंय," इतकंच मुलगा म्हणाला.

रक्त कसं गेलं, कुठून गेलं

मी मुलाला बाजूला ठेवून मुनीमजींनाच विचारलं: त्या दिवशी सकाळी काय काय केलं? सहाला उठून चहा, साखरेचा. मग विडी. साडेनऊला रक्त न्यायला माणूस आला. ‘उपाशीपोटी’ म्हणजे जेवायचं नाही असा त्यांचा समज, आणि चहा त्यांच्या लेखी खाण्यात मोडत नाही. आमच्या भागात हे इतकं ठरलेलं आहे की मी आता "काही खाल्लं का" असं विचारतच नाही, "चहा कितीदा झाला" असं विचारतो.

रक्त नेणाऱ्याने आणखी चार घरं केली, मग नमुने लातूरला गेले, तिथून पुढे मोठ्या लॅबला. या प्रवासात रक्ताचं काय होतं ते फाईलवर छापलेलं नसतं. नमुना बराच वेळ तसाच राहिला किंवा धक्क्यांनी तांबड्या पेशी फुटल्या तर पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. पोटॅशियम ५.८ खरं असेल तर तो हृदयाच्या ठोक्यांशी खेळ आहे, तातडीने बघायची गोष्ट. म्हणून पहिलं काम ते केलं: शेजारच्या लॅबमध्ये ताजं रक्त आणि एक ईसीजी. तासाभरात पोटॅशियम ४.५ आलं. ईसीजी साधा.

साखरेचं याच्या उलट होतं. रक्त नळीत असतानाही पेशी साखर खात राहतात. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. ती वापरली होती का, हे आता कुणाला ठाऊक? त्यामुळे फाईलमधली ‘उपाशी’ साखर ९४ मी बाजूला ठेवली. ती लाल नव्हती म्हणून घरच्यांनी तिच्यावर समाधान मानलं होतं. ट्रायग्लिसराइडचे २१४ त्या दिवशीच्या चहाचे किती आणि आदल्या रात्रीच्या दिवाळीच्या फराळाचे किती, हेही सांगता येत नव्हतं.

काळ्या अक्षरांतला आकडा

क्रिएटिनिन १.३. शेजारी रेंज ०.७ ते १.३. काळं अक्षर, नॉर्मल.

मुनीमजींना विचारलं, याआधी कधी रक्त तपासलंय का? "हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं की, सहा वर्षं झाली." कागद आहेत? वहिनी (मुनीमजींच्या पत्नी) सोबत आल्या होत्या, इतका वेळ गप्प. त्या म्हणाल्या, "कपाटात हायत. सातबाऱ्याच्या पिशवीत." संध्याकाळी मुलगा ती कॅरीबॅग घेऊन आला. पिवळे पडलेले दोन कागद. सहा वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन ०.९, हिमोग्लोबिन १४.१.

क्रिएटिनिनवरून किडनी किती गाळते याचा अंदाज वय आणि लिंग धरून काढायचं सूत्र आहे. त्याला ईजीएफआर म्हणतात. सहा वर्षांपूर्वीचा त्यांचा अंदाज १०७ निघतो, आताचा ६६. सहा वर्षांत वयामुळे पाच-सहा अंकांची घट समजू शकते. चाळीसची नाही. आणि हे सगळं ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहून झालं. किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईतो क्रिएटिनिन रेंज ओलांडत नाही, असं कितीतरी लोकांत दिसतं. छापलेली रेंज हजारो अनोळखी माणसांची असते. मुनीमजींची स्वतःची रेंज सातबाऱ्याच्या पिशवीत होती.

त्या दोन कागदांनी ७२ चाचण्यांच्या फाईलपेक्षा जास्त काम केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक जमिनीचे कागद तीन पिढ्या जपतात आणि दवाखान्याचे कागद बरं वाटलं की चुलीत घालतात. वहिनींनी ते जपले होते ते केवळ ऑपरेशनचं बिल त्यांना टाचलेलं होतं म्हणून.

लघवीच्या तपासणीत ‘प्रोटीन: ट्रेस’ असंही काळ्या अक्षरात होतं. स्वतंत्र एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, करून घेतलं. ३० च्या आत हवं, ८६ आलं. किडनीची चाळणी गळत होती.

गोळी कुठली

कारण शोधायला रक्त लागलं नाही, एक प्रश्न पुरला. रोज कुठली गोळी घेता? "गोळी? कायबी न्हाई." बीपीची, शुगरची, ॲसिडिटीची? नाही, नाही, नाही. गुडघा दुखतो का? "ते तर दुखूलालंच की साहेब. बसून बसून." मग काय करता? "मेडिकलवाल्याकडून एक गोळी आणतो. सोयाबीनची आवक असली की दोन. सकाळी एक, रात्री एक."

ही दुखण्यावरची गोळी औषधात धरायचीच नाही, असा मोंढ्याचा नियम आहे. किती वर्षं? चार-पाच. चिठ्ठी कुणाची? कुणाचीच नाही. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, बीपी चढवतात, जठराचं अस्तर खातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. माल उतरत असतो तेव्हा पाणी कमी प्यायचं, कारण उठायला सवड नसते, आणि त्यावर दोन गोळ्या. किडनीला त्रास द्यायची याहून पक्की व्यवस्था क्वचित सापडेल.

आता बीपी. पॅकेजमध्ये ते नव्हतं. वजन नव्हतं, कंबरेचा घेर नव्हता. ७२ चाचण्या झाल्या आणि दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटं थांबायला कुणी नव्हतं.

बीपी कसं घ्यायचं ते सविस्तर लिहितो, कारण यात फार गोंधळ चालतो. मुनीमजी दवाखान्यात येताना बाहेर विडी ओढून आले होते. म्हणून लगेच घेतलं नाही. विडी, तंबाखू, चहा यांपैकी काही झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. सदऱ्याची बाही वर सारून घट्ट वळी करायची नाही, बाही काढायची. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आणि त्या वेळात मुलाने सीईएबद्दल बोलायचं नाही. पहिलं १६२/९८, दोन मिनिटांनी १५६/९६. दुसऱ्या हातालाही जवळपास तेच.

दवाखान्यातल्या एका दिवसाच्या आकड्यावर जन्माची गोळी लिहू नये. त्यांना घरी मशीन दिलं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढायची. घरी १३५/८५ च्या वर ते जास्त समजतात. मुनीमजींनी माझ्याकडे जी वही आणली तशी वही एकाही रुग्णाने आजवर आणली नव्हती: लाल रेघांची, तारीखवार, जमा-नावे करावी तशी दोन रकान्यांत, खाली बेरीज आणि सरासरी स्वतःच काढलेली. १४७/९१. पेशा कामाला आला.

अकरा लालांचं काय झालं

ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग. त्या ४२ बद्दल मुलाने खूप वाचलं होतं. रक्त कमी असलं की ईएसआर आपोआपच चढतो. तो वेगळा आजार शोधत बसायचं कारण नव्हतं. डी कमी, बी१२ कमी: जन्मभर शाकाहारी माणूस, दिवसभर दुकानाच्या छताखाली. गोळ्या दिल्या आणि विषय संपवला. टीएसएच ५.८ असताना टी-४ ठीक असेल आणि त्रास नसेल तर घाईने थायरॉईडची गोळी लावत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. युरिक ॲसिडने त्यांना कधी सांध्याचा झटका दिला नव्हता, त्यालाही औषध नाही.

सीईए. लॅबने छापलेली मर्यादा होती ३. ही धूम्रपान न करणाऱ्यांची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ५ पर्यंत सोडून देतात. मुनीमजींचा ४.६. लॅबला विडीचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आकडा लाल झाला आणि त्यावर हैदराबादची गाडी ठरली. शिवाय सीईए हा धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायची चाचणी म्हणून उपयोगाचाच नाही. कॅन्सर असूनही तो नॉर्मल राहू शकतो आणि कॅन्सर नसताना चढू शकतो. ज्याला आतड्याचा कॅन्सर आहे हे ठरलेलं आहे, त्याच्या ऑपरेशननंतर पाळत ठेवायला तो वापरतात. सीए-१२५, सीए १९-९ हेही त्याच माळेतले. पॅकेजमध्ये ते घालतात कारण ‘कॅन्सर तपासणी’ असं लिहिता येतं. हा धंदा मला पटत नाही आणि ते मी रुग्णांना तोंडावर सांगतो.

पेट स्कॅन रद्द करा म्हटल्यावर मुलाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, गावातला डॉक्टर हात झटकतोय. खरं तर मी त्यांना दुसऱ्याच एका लाल आकड्यावरून पोटाच्या तपासणीकडे नेणार होतो.

एचबीए१सी ६.४. साडेसहापासून मधुमेह. म्हणजे उंबरठ्यावर, असा अर्थ घरच्यांनी लावला आणि गूळ-साखर बंद. ही चाचणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. पण लोह कमी असलं की हा आकडा साखर न वाढताही वर सरकतो. एमसीव्ही ७४ सांगत होतं की पेशी बारक्या झाल्यात. फेरिटिन केलं, ८ आलं. लोहाचा साठा रिकामा. फ्लोराइडच्या नळीत, खरंच उपाशीपोटी साखर केली: १०४. जेवणानंतर १४६. दोन्ही जरा वर, मधुमेहापासून लांब.

म्हणजे ईएसआर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही या चार लालांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली: लोह. मग लोह गेलं कुठे?

पाळी चालू असलेल्या बाईत याचं उत्तर बहुतेकदा समोरच असतं. ५२ वर्षांच्या पुरुषात लोह कमी होतं तेव्हा तो पोटातून कुठेतरी रक्त गमावतोय असं धरूनच चालायचं, नाही म्हणून सिद्ध होईपर्यंत. थेंब थेंब गेलं तर शौचात दिसतही नाही. बीट खाऊन हे बुजवणं म्हणजे गळक्या हौदात बादली ओतणं. ज्या कॅन्सरची भीती सीईएने फुकट घातली, त्याचा खरा विचार हिमोग्लोबिनच्या ११ मुळे करायचा होता. फाईलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी होते, एकाच लाल रंगात.

लातूरला दुर्बिणीने तपासणी करून घेतली. जठरात दोन उथळ व्रण, एच. पायलोरी जंतू पॉझिटिव्ह. मोठ्या आतड्याची दुर्बीण नको म्हणून मुनीमजी अडून बसले, आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाची धास्ती. तुरीची आवक संपू द्या म्हणाले. फेब्रुवारीच्या शेवटी ती झाली: मूळव्याध सोडता काही नाही.

टॉर्च

पहिल्याच भेटीत एक तपासणी झाली होती तिला सुई लागली नाही. तोंड उघडा म्हटलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेसमोर, पुसून न जाणारा पांढरा खरबरीत चट्टा. तंबाखू कुठे धरता? बोट तिथेच गेलं. फूटपट्टीने मोजून लिहिला: १४ बाय ९ मिलिमीटर. मुलाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला, पुढच्या वेळी तुलना करायला.

तोंड बघून जीव वाचतात याला आपल्याच देशातला पुरावा आहे. त्रिवेंद्रम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात तोंडं तपासली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते. हीच तपासणी आता आपल्या उपकेंद्रात, म्हणजे पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलंय तिथे, तिशीच्या पुढच्या कुणालाही फुकट मिळायला हवी: बीपी, साखर, तोंड, आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुख. आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरतात. मुनीमजींच्याही घरी त्या आल्या होत्या. "दुकानावर हायत," म्हणून वहिनींनी वाटेला लावलं होतं.

चट्ट्याचा तुकडा तपासला. सौम्य डिस्प्लेसिया: कॅन्सर नाही, पण पेशींनी वाट वाकडी करायला सुरुवात केलेली.

वहिनी

पॅकेज एकाच माणसाचं होतं. तीन वेळा त्या सोबत आल्या, औषधांच्या वेळा त्यांनीच पाठ केल्या, आणि त्यांचं काही तपासावं हे कुणाच्या मनात आलं नाही. वय ४७, दोन बाळंतपणं, रोज सकाळी मिश्री. बीपी कधी मोजलं होतं? दुसऱ्या बाळंतपणात.

इथे मला आपल्या भागातली एक गोष्ट सांगायची आहे, जी इथल्याच लोकांना फारशी माहीत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या लोकांचा त्यात हात होता. एका गटाची एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी केली, एकाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, एकाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी तपासलं, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. बाकीच्या दोन पद्धतींत इतका फरक पडला नाही. ‘कुठली तपासणी करावी’ या प्रश्नाचं जगाने घेतलेलं एक उत्तर परंडा-भूम-कळंबच्या बाजूच्या बायाबापड्यांनी दिलेलं आहे, आणि त्याच मराठवाड्यात वहिनींसारख्या बाईला ४७ व्या वर्षापर्यंत कुणी विचारलेलं नसतं.

तपासणीची दुसरी, काळी बाजूही आपल्याकडचीच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमली गेली. सोनोग्राफीत ‘सूज’, ‘गाठ’ असं काही दाखवायचं आणि "कॅन्सर होईल" म्हणायचं, हे त्या कहाण्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. म्हणून वहिनींना आधी सांगितलं: काहीही निघालं तरी पिशवी काढायचं कुणी म्हटलं तर आधी इथे या.

त्यांची एचपीव्ही चाचणी लातूरला केली, निगेटिव्ह. स्तनात गाठ नाही, तोंडात चट्टा नाही, हिरड्या मात्र मिश्रीने खचलेल्या. बीपी १३६/८६. हिमोग्लोबिन ९.४, नवऱ्यापेक्षाही कमी. वर्षभरापासून जिना चढताना दम लागत होता. "वय झालं म्हणलं," एवढंच.

मग चेकअप करावं की नाही

कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये सरसकट आरोग्य तपासण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. अडीच लाखांवर माणसं. लक्षण नसलेल्यांना बोलावून सगळं तपासल्याने एकूण मृत्यू, कॅन्सरचे मृत्यू, हृदयविकाराचे मृत्यू यांत म्हणावा असा फरक पडला नाही. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत. पण त्यातले बरेच अभ्यास जुने आणि युरोप-अमेरिकेतले आहेत. तिथे माणूस सर्दीला गेला तरी त्याचा डॉक्टर बीपी बघून घेतो. आमच्याकडे सहा वर्षांत दंडाला पट्टा न लागलेला माणूस सहज सापडतो, त्यामुळे तो निष्कर्ष उचलून जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. लावता येतो तो इतकाच भाग: चाचण्या वाढवल्याने आयुष्य वाढत नाही.

मुलाने पुढच्या वर्षीसाठी याच कंपनीचं ‘ॲडव्हान्स’ पॅकेज विचारलं होतं. त्याऐवजी यादी दिली ती अर्ध्या कागदाची. घरचं बीपी महिन्यातून एक आठवडा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, एसीआर दर चार-सहा महिन्यांनी. सीबीसी लोह पूर्ववत होईपर्यंत, मग वर्षातून एकदा. साखर आणि लिपिड वर्षातून एकदा. सगळं एकाच लॅबमध्ये, म्हणजे आकड्याशेजारी आकडा ठेवता येतो. ट्यूमर मार्कर (सीईएसारख्या चाचण्या) नाही, हट्टाने सीटी नाही. ईसीजीबद्दल मुलगा म्हणाला, "तो नॉर्मल आहे म्हणजे हार्टची काळजी नाही ना?" काळजी आहे. बसल्या जागी काढलेला ईसीजी नसांमध्ये चरबी साचली असतानाही साफ येतो. मुनीमजींच्या हृदयाचा धोका त्यांच्या खिशातल्या बंडलावरून आणि वहीतल्या १४७/९१ वरून जास्त कळतो.

औषधं अशी गेली: दुखण्याची गोळी पूर्ण बंद, गुडघ्याला मांडीचे व्यायाम, गादीवर पाट घेऊन उंच बैठक, लागलीच तर साधं पॅरासिटामॉल. एच. पायलोरीला १४ दिवसांचा कोर्स. बीपीला टेल्मिसार्टन, सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम बघून. लोहाची गोळी चहाशी न जुळवता, दुपारी लिंबू-पाण्याबरोबर.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ८१. एसीआर ३८, अजून थोडं वर, म्हणजे किडनीचं पूर्ण भरून निघालेलं नाही. हिमोग्लोबिन १३.२. एचबीए१सी ५.९, रक्तातली साखर तशीच असताना. टीएसएच ३.९, गोळीशिवाय. घरचं बीपी १३१/८२. वहिनींचं हिमोग्लोबिन १०.८, लोहाची गोळी त्या मधूनच सोडतात, पोट बिघडतं म्हणून.

विडी सुटली. तंबाखू सुटलेली नाही. डावा गाल सोडून उजव्या गालात गेली आहे आणि तसं त्यांनी स्वतःच, काहीशा अभिमानाने सांगितलं. चट्टा मे महिन्यात १२ बाय ८ होता. दर तीन महिन्यांनी मोजायचा, खरबरीतपणा वाढला, लाल झाला किंवा फुटला तर पुन्हा तुकडा, आणि आता उजव्या बाजूलाही टॉर्च मारायचा. पुढची तारीख पोळ्यानंतरची दिली आहे. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत.